काही कळलं नाही, पण रंग छान

चित्रप्रदर्शन बघून झालं की मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबते. मुंबईचं जहांगीर असो की पुण्याचं बालगंधर्व कलादालन, त्या टेबलावर बहुधा अभिप्रायाची वही असते आणि ती मी नीट वाचते. ‘अप्रतिम.’ ‘खूपच सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ‘अगदी जिवंत वाटतं.’ ‘फोटोच जणू.’ घाट, वाडे, बाजार, पावसातले रस्ते मांडलेले असतील तर पानंच्या पानं भरलेली असतात. अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात वही रोडावते. सह्या जास्त, शब्द कमी. मागच्या महिन्यात अशाच एका रोडावलेल्या वहीत शाळकरी अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘काही कळलं नाही, पण रंग छान आहेत. निळ्या चित्राजवळ जास्त वेळ थांबलो.’ खाली नाव नव्हतं.

त्या वहीतला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला अभिप्राय हाच. बाकीच्यांनी चित्रकाराला शाबासकी दिली होती. या मुलाने चित्रासमोर आपलं काय झालं ते लिहिलं होतं. कळलं नाही तरी पाय अडखळले, आणि ते अडखळणं सांगावंसं वाटलं. चित्राची आवड लागते ती इथून. पण प्रदर्शन दोन दिवसांत उतरणार होतं. ते निळं चित्र त्याला पुन्हा कुठे दिसणार?

आपल्याला एखादं चित्र ‘कळतं’ म्हणजे काय होतं, हे आधी पाहायला हवं. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरात, दुकानात, माजघरात लागल्या. देवी कशी दिसते, साडीची चुणी कशी पडते, सोन्यावर उजेड कसा चमकतो, हे पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या कागदांवर शिकलो. ती नजर इतकी मुरली की हातात दिवा घेऊन उभी असलेली, बोटांतून केशरी उजेड झिरपणारी बाई दिसली की बहुतेक लोक ‘रविवर्मा’ म्हणून मोकळे होतात. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या मुलीला उभं केलं होतं. असा उजेड जलरंगात आणणं किती अवघड असतं, ते रंगपेटी हाताळलेल्याला सांगायला नको. आपल्याच मातीतल्या माणसाचं काम आपल्या भिंतींवर वर्षानुवर्षं राहिलं आणि आपण ते दुसऱ्याच्या नावावर टाकत आलो. ओळखीचं नाव सापडलं की बघणं तिथेच थांबतं, म्हणून हे होतं.

रविवर्म्यांनंतर आले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, कादंबऱ्यांची वेष्टनं. दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ काढला. त्यांच्या रेषेतला डौल आणि रंगांची निवड यांनी मराठी घराला देखणेपण म्हणजे काय ते दाखवलं. त्याला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. माझ्या आईने दलालांची मुखपृष्ठं कापून ट्रंकेत ठेवली होती आणि ती दर दिवाळीला बाहेर निघत. दरवर्षी पुन्हा बघणं हेच तिचं चित्रशिक्षण होतं, आणि ते पक्कं होतं.

शाळेत याच नजरेवर शिक्का बसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना दरवर्षी काही लाख मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून हल्ली गर्दी आणखी वाढली आहे. परीक्षा वाईट नाही. पेन्सिल कशी धरावी, छाया कुठे पडते, रंग कसा पसरवावा, हे गावोगावच्या कलाशिक्षकांनी किती कष्टाने शिकवलं आहे ते मी पाहिलेलं आहे. पण स्मरणचित्रात ‘भाजी बाजार’ किंवा ‘विसर्जन मिरवणूक’ काढणाऱ्या त्या मुलाने दुसऱ्या कुणाचं खरंखुरं, हाताने रंगवलेलं चित्र भिंतीवर कधी बघितलेलं असतं का? आपण लाखो मुलांना काढायला शिकवतो आणि बघायला नेत नाही. मग मोठेपणी त्यांना चित्रात दोनच गोष्टी शोधता येतात : हात किती सफाईचा आहे आणि प्रसंग कोणता आहे. दोन्ही नसतील तर ‘कळलं नाही’.

आधुनिक चित्रांची आवड मुंबईत मूठभर लोकांना तरी लागली, ती कशी? सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप 1947 चा, त्यांचं पहिलं प्रदर्शन 1949 चं. पण त्याआधीपासून वॉल्टर लँगहॅमर नावाचे ऑस्ट्रियन चित्रकार, नाझींच्या भीतीने युरोप सोडून आलेले, नेपियन सी रोडवरच्या आपल्या घरी तरुण चित्रकारांना बोलवत. तिथे युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून तासन्‌तास बोलणं चाले. रूडी फॉन लायडेन वृत्तपत्रात समीक्षा लिहीत, इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. आणि केकू गांधी! 1941 मध्ये त्यांचा चौकटी बनवण्याचा ‘केमोल्ड’ हा उद्योग सुरू झाला. दुकानाच्या काचेत ते आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं लावत. कुणी वडिलांचा फोटो फ्रेम करायला यावं आणि आराचं चित्र बघत उभं राहावं. त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्याला ते आठवडाभर, महिनाभर दिसत राहावं. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली 1952 मध्ये आणि तिच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड आली 1963 मध्ये. म्हणजे मोठ्या दालनाआधी घरची बैठक होती आणि रस्त्यावरची काच होती. दोन्हीकडे तेच चित्र पुन्हा दिसायचं आणि त्यावर बोलणारं माणूस शेजारी असायचं.

ते बोलणं मात्र इंग्रजीत झालं, आणि दक्षिण मुंबईच्या चार रस्त्यांत झालं. कृष्णाजी हौळाजी आरा, अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे; यांची चित्रं ज्या शब्दांत समजावली गेली, ते शब्द यांच्या गावी पोचले नाहीत. मराठीत लिहिणारे नव्हते असं कुणी म्हणू नये. द. ग. गोडसे होते, संभाजी कदम होते; प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्र सुचण्यापासून घडण्यापर्यंतची वाट एखाद्या मित्राशी बोलावं तशी उलगडली आहे. ‘चिन्ह’सारखं नियतकालिक पदरमोड करून निघत राहिलं. एवढी भाषा आपल्यापाशी तयार असताना दालनाच्या भिंतीवर ती का नसते? काळा घोड्याच्या परिसरातल्या एका खासगी गॅलरीत मी मराठी माहितीपत्रक मागितलं, तेव्हा तिथल्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, ‘मॅडम, मराठीत कुणी मागत नाही.’ चित्रकार मराठवाड्याचा होता. आपल्या चित्रांबद्दल तो माझ्याशी पंधरा मिनिटं सुरेख बोलला, आणि त्यातलं एक वाक्यही भिंतीवरच्या इंग्रजी मजकुरात नव्हतं.

शब्द नसतील तिथे आकडा येऊन बसतो. डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं 1979 चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. दुसऱ्या दिवसापासून ज्यांनी गायतोंडे हे नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही ते ठाऊक झालं. त्यात आनंद मानायला माझी हरकत नाही. चित्रासाठी कुठलीही तडजोड न करता जगलेल्या माणसाचं नाव घराघरात गेलं. पण ते चित्र म्हणजे पिवळ्यात बुडालेले आकार आहेत, रंग थरावर थर चढवत आणि खरवडत नेलेला आहे, ते बघताना डोळा स्थिरावायला वेळ लागतो, हे किती बातम्यांनी सांगितलं? किंमत कळली की बघण्याचं ओझं उतरतं. आता पुढच्या प्रदर्शनात तोच माणूस अमूर्त चित्रासमोर उभा राहून विचारतो, ‘हे पण कोटीत जाईल का?’ नवख्या चित्रकारांना हा प्रश्न किती छळतो, हे त्यांच्याशी बोलताना जाणवतं.

माझं स्वतःचं सांगते. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. पहिल्या दिवशी मला दिसलं ते एवढंच : पान, घड्याळ, फळ, आणि मधे भरपूर मोकळी जागा. मी थोडी निराशच होऊन बाहेर आले. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलेलं असूनही. प्रदर्शन आठवडाभराचं नव्हतं म्हणून दुसऱ्यांदा गेले, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला कधीतरी ती मोकळी जागा रिकामी वाटेनाशी झाली. वस्तूंच्या मधलं अंतरच चित्र धरून आहे, हे दिसलं. कुणी समजावलं नव्हतं. पुन्हा जाता आलं, एवढंच कारण. जहांगीरच्या आठवड्यात हे मला दिसलं नसतं. तिथलं दालन मिळावं म्हणून चित्रकार कित्येक वर्षं वाट बघतो, मिळतं ते जेमतेम एका आठवड्यासाठी, आणि पहिली संध्याकाळ तर उद्घाटन आणि फोटोंतच जाते.

म्हणून मला औंध फार आठवतं. सातारा जिल्ह्यातलं ते छोटंसं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूर यांचं आई-मुलाचं एक दगडी शिल्पही आहे. यमाईच्या दर्शनाला डोंगर चढणारा माणूस वाटेत तिथे शिरू शकतो, पुढच्या यात्रेला पुन्हा शिरू शकतो. मूर कोण हे त्याला ठाऊक असायची गरज नाही. ती आई आणि ते मूल तिथे असतात.

महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन दरवर्षी भरतं, बक्षिसं दिली जातात. माझी मागणी साधी आहे. त्यातली दहा-बारा चित्रं चित्रकाराला योग्य मानधन देऊन, विमा उतरवून, एकेका जिल्ह्याच्या गावी वर्षभर लावावीत. नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनात चालतील, जिल्हा ग्रंथालयात चालतील. चित्राशेजारी चित्रकाराच्याच शब्दांत मराठीत चार ओळी असाव्यात. आणि रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना कलाशिक्षकांनी तिथे वर्षातून दोनदा न्यावं. एकदा नेणं पुरेसं नाही. दुसऱ्या वेळी मूल स्वतःहून कुठल्या चित्राकडे चालत जातं, ते शिक्षकाने फक्त बघावं.

निळ्या चित्राचं ते प्रदर्शन उतरणार होतं, त्या सोमवारी मी मुद्दाम पुन्हा गेले होते. चित्रं उतरवली जात होती. बरीच विकली गेली नव्हती. निळं चित्र दोघांनी मिळून खाली घेतलं, बबल रॅपमध्ये गुंडाळलं, त्यावर जुनं बेडशीट बांधलं आणि टेम्पोत उभं करून ठेवलं. चित्रकाराला मी वहीतल्या त्या ओळींबद्दल सांगितलं. त्याने टेबलावरची वही उचलली, पान शोधलं आणि तिथेच उभ्याने वाचलं. मग विचारलं, ‘कुठल्या शाळेचा होता, काही लिहिलंय का?’