कोंबडी बघायचा कार्यक्रम

परवाच्या रविवारी आमच्याकडे ‘कार्यक्रम’ झाला. सातवा. मुलगा बरा होता, म्हणजे मोबाइल उलटा ठेवून बोलत होता. हल्ली एवढंही पुष्कळ! पण त्याला बोलायला मिळालं कुठे? सगळा इंटरव्ह्यू त्याच्या आत्यानेच घेतला. आणि गंमत म्हणजे मला एकच प्रश्न, बाकी सगळे माझ्या खानदानाला. ‘तुमच्याकडे सगळ्यांनाच चष्मा का हो?’ ‘वडिलांना शुगर कितव्या वर्षी लागली?’ माझ्या धाकट्या भावाला तर चक्क उभं करून बघितलं. तो सहा फूट. आत्याबाई खूश. ‘चला, उंची आहे घरात!’ मी पाच फूट एक इंच. शेजारीच पोह्यांची बशी घेऊन उभी.

रात्री सगळी भडास काढायला मैत्रिणीला फोन लावला. ती जपानीची दुभाषी. सध्या कंपनीने तिला ओकायामाला पाठवलंय. (सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फोटो काढणाऱ्यांनो, ती बाग ज्या गावातल्या बागेवरून केली, तेच हे ओकायामा.) तिकडे साडेबारा वाजून गेले होते. बाईसाहेब जाग्या होत्या आणि माझी कहाणी ऐकून खो खो हसत सुटल्या.

‘अगं, मी आज सेम टू सेम बघून आले. फक्त तिथे कोंबडी होती!’

झालं असं की, सुटीला ती ट्रेनने समुद्रावरचा पूल ओलांडून शिकोकू बेटावर गेली होती. अडीच तासांत कोची. तिथे नानकोकु नावाचं गाव आहे आणि ते प्रसिद्ध आहे एका कोंबड्यासाठी. ओनागादोरी. शब्दशः ‘लांब शेपटीचा पक्षी’. लांब म्हणजे किती? १९७०च्या दशकात कोचीतल्या एका कोंबड्याची शेपटी १० मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कोंबडा बसवला, तर शेपटी पार्किंगमधल्या स्कूटरवर!

हे कसं होतं? साधा कोंबडा दरवर्षी जुनी पिसं गाळतो आणि नवी आणतो. आपल्या रानकोंबड्यापासून गावठी कोंबड्यापर्यंत सगळ्यांचं हेच. ओनागादोरीच्या नराची शेपटीतली काही पिसं मात्र गळतच नाहीत. वाढत राहतात, वर्षाला साधारण मीटरभर. पूर्वी तोसा प्रांताच्या सरदाराच्या मिरवणुकीत भाल्यांना ही पिसं लावायचे, असं सांगतात. जपान सरकारने १९२३ मध्ये या कोंबड्याला नैसर्गिक स्मारक ठरवलं आणि १९५२ मध्ये ‘विशेष’ स्मारक. कोंबड्यांच्या जातींत हा मान फक्त याचा.

आता खरा मुद्दा. शेपटी फक्त नराला येते. मग पुढची पिढी काढायची तर कोंबडी कशी निवडायची? ती दिसायला साधी, शेपटी वीतभर. पण होणाऱ्या पिल्लाला निम्मा वारसा तिच्याकडूनच मिळणार. मैत्रीण ज्या आजोबांकडे गेली होती, त्यांनी तिच्यासमोर चार तलंगा टोपलीतून काढल्या. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. माझ्या आजीचा शब्द.) एकेक हातात घेतली, शेपटीवरची पिसं बोटांनी पसरली, कंबरेवरून लोंबणारी बारीक पिसं किती उतरलीत ते बघितलं, आणि मग वही उघडली. वहीत काय? तर प्रत्येकीच्या भावांच्या शेपट्यांची मापं! बापाचं माप, मामाचं माप. आणि पिसं कुणी किती गाळली त्याचा हिशेब.

‘भाऊ उभा केला ना तुझा? तेच!’ इति मैत्रीण.

मी म्हटलं, बिचारी कोंबडी. तर म्हणाली, बिचारी कसली, शेपटी तिच्यात आहेच की. हे मला पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात डेडलाइन सोडून वाचत बसले. खरं आहे हो. कोंबडीच्या अंडाशयातून येणारं हार्मोन तिला मादीची पिसं देतं. काही कारणाने अंडाशय निकामी झालं, तर पुढच्या खेपेला तिच्या अंगावर कोंबड्यासारखी पिसं उगवतात. म्हणजे नटवा वेश कपाटात तयारच असतो. ती अंडी घालते तोवर ते कपाट बंद.

नर निवडणं तरी सोपं असेल, असं वाटतं ना? तेही नाही. पहिल्या वर्षी सगळेच झोकात असतात. खरी परीक्षा पुढच्या शरदात, पिसं गळायच्या मोसमात. तेव्हा आजोबा पिसाचं बूड बघतात. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, तो गडद आणि मऊ दिसतो. वाढ थांबली की देठ पांढरा, पोकळ, टणक. गडद देठ टिकला तर हा गडी खरा. म्हणजे दीड-एक वर्षाने कळणार, ठेवायचा की नाही. आमच्या कंपन्यांत सहा महिन्यांत कन्फर्म करतात!

आणि पुढचा भाग ऐकून मी जरा गप्पच झाले. सगळ्यात लांब शेपटीचा जो हिरो, त्याला कोंबड्यांत मोकळा सोडत नाहीत. पिसं तुटतील, मळतील. त्याला ठेवतात ‘तोमेबाको’त, म्हणजे एका उंच, अरुंद कपाटात. वरच्या दांडीवर कोंबडा, तिथेच दाणा-पाणी, शेपटी खाली लोंबती नाहीतर गुंडाळलेली. अधूनमधून खाली उतरवून पाय मोकळे करायला नेतात, तेव्हा मागे एक माणूस शेपटी उचलून धरतो. लग्नात नवरीचा शालू धरतात तसं. फरक इतकाच की नवरी रात्री साडी बदलते.

मग बाप कोण होतो? बऱ्याचदा त्याचा भाऊ. तेच रक्त, पण जमिनीवर हिंडणारा, शेपटी बांधलेली किंवा सरळ कापलेली. थोडक्यात, जो सुंदर तो कपाटात आणि जो संसार करतो त्याची शेपटी कापलेली. हे वाचून ऑफिसातला माझा शेजारी म्हणाला, ‘बॉस, यात कोंबडा कुठला आणि मॅनेजर कुठला?’ त्याचं अप्रेझल जवळ आलंय, त्याला माफ करू.

पण गंमत बाजूला ठेवू. शेपटीच्या नादात जवळच्याच नात्यात जोड्या लावत गेलं की अंडी कमी होतात, बरीचशी फुटतच नाहीत, पिल्लं किरकिरी निघतात. याचं दुसरं टोक जर्मनीत बघायला मिळतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हे पक्षी युरोपात गेले. थोडेच आणि नाजूक. तिथल्या ह्युगो दु रॉय या कोंबडीपालकाने त्यांचा संकर दणकट जातींशी केला. त्यातून ‘फिनिक्स’ ही जात झाली. ती अंगणात हिंडते, थंडी सोसते. शेपटी मीटरभर, फार तर थोडी जास्त, आणि ती गाळते. नवं रक्त आलं, पक्षी वाचला आणि न गळणारं पीस गेलं.

मी फोनवर तावातावाने म्हटलं, मग बरोबरच केलं जर्मनांनी! कपाटातल्या दहा मीटरपेक्षा अंगणातली एक मीटर केव्हाही बरी. मैत्रीण म्हणाली, ‘तुला सोपं आहे म्हणायला. त्या आजोबांनी चौथी कोंबडी नाकारली ना, ती सगळ्यात तब्येतवान होती. परत टोपलीत ठेवली, दोन मिनिटांनी पुन्हा काढली. पुन्हा वही. असं तीनदा. तिच्या भावाची शेपटी अडीच मीटरवर थांबलेली. पण तिची आई पाच वर्षं अंडी देत होती म्हणे. बाकी तिघींच्या आया दोन वर्षांत संपल्या.’

‘मग? घेतली का शेवटी?’

‘घेतली. म्हणाले, शेपटी पुढच्या पिढीत परत मिळवू. पिल्लूच नाही निघालं तर शेपटी कुणाला लावणार?’

वय झालंय आजोबांचं. या पिल्लांतले नर अंड्यातून निघणार, मोठे होणार, दोन शरद काढणार, मग कुठे देठ बघायचा. आणि ‘पुढची पिढी’ त्याच्याही नंतर.

मैत्रिणीने त्या कोंबडीचा फोटो पाठवलाय. तपकिरी, गुबगुबीत, जरा रागावलेली. मी आईला दाखवला. चष्मा वर करून तिने नीट बघितला. ‘ही? ही तर आपल्या गावठीसारखीच आहे गं!’ आणि मग, ‘त्या आत्याबाईंचा फोन आला होता. पत्रिका जुळतेय म्हणतात. भावाचं काय करतो विचारत होत्या.’