गोधडीचे टाके आणि न लागलेला निकाल



खुनाचे नाटक म्हटले की शेवटच्या प्रवेशात खुनी सापडलाच पाहिजे आणि त्याच्या हातात बेड्या पडल्याच पाहिजेत, अशी आपली अपेक्षा असते. पण एका अमेरिकन एकांकिकेचा पडदा निकालाआधीच पडतो, आणि तरी ती अजून रंगमंचावर येते. सुझन ग्लास्पेल या बाईंनी १९१६ साली लिहिलेली ही ‘ट्रायफल्स’, म्हणजे क्षुल्लक गोष्टी.

गोष्ट शेतकऱ्याच्याच घरची. वस्तीवरचे एकाकी घर, कडाक्याची थंडी. जॉन राइट हा शेतकरी रात्री बिछान्यातच दोरीने गळा आवळून मारला गेला. बायको मिनी म्हणते, “मी शेजारीच झोपले होते, मला जाग आली नाही.” तिला कैदेत ठेवले आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा हेल पुरावा शोधायला येतात. माडी बघतात, कोठार बघतात. स्वयंपाकघरात मात्र भांड्याकुंड्यांशिवाय काय असणार, असे म्हणून पुढे जातात.

शेरीफची बायको आणि हेलची बायको कैदेतल्या बाईचे कपडे न्यायला आलेल्या असतात. त्यांना तिथेच सारे दिसते. टेबल अर्धेच पुसलेले. गोधडीचे टाके सगळीकडे एकसारखे, पण एकाच तुकड्यात वेडेवाकडे. दार मोडलेला रिकामा पिंजरा. आणि शिवणाच्या सामानात, एका पेटीत, रेशमी कापडात गुंडाळलेला गाणारा पक्षी, मान पिरगळलेला.

मिनी लग्नाआधी गाणारी मुलगी होती. नवरा दारू पीत नव्हता, शब्दाचा पक्का, देणे फेडणारा. पण माणूस कठोर. घरात मूल नाही, बोलणे नाही. दोघी बायका समजायचे ते समजतात. हेलची बायको पेटी आपल्या कोटाच्या खिशात टाकते, शेरीफची बायको गप्प राहते आणि पडदा पडतो.

आता सांगा, पक्षी नवऱ्यानेच मारला, हे कोणी पाहिले? नवऱ्याला मिनीनेच मारले, हे तरी कोणी पाहिले? नाटक सांगत नाही. ज्या घटनेवरून ते सुचले, तिचाही शेवट असाच. १९०० च्या डिसेंबरात आयोवा राज्यात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. ग्लास्पेलबाई तेव्हा वार्ताहर होत्या, खटल्याच्या बातम्या त्यांनीच लिहिल्या. १९०१ साली बायको मार्गारेट हिला जन्मठेप झाली. वरच्या न्यायालयाने १९०२ साली ती शिक्षा रद्द केली. १९०३ च्या फेरखटल्यात जूरीचे एकमत झाले नाही आणि बाई सुटली. जूरीत सगळे पुरुषच होते. खून कोणी केला, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

पुरावा लपवणे हा गुन्हाच आहे, याबद्दल शंका नको. गळा आवळणे हा तर जुलमावरचा उपाय नव्हेच. पण म्हणून त्या दोघींना वाईट ठरवून मोकळे होता येत नाही. ज्यांनी तपास करायचा, त्यांनी चुलीकडे ढुंकून पाहिले नाही. बाई काय सोसते, हे ज्यांना विचारायचेच नव्हते, त्यांना ते कळणार कसे?

आम्हांला खुनापेक्षा हेलच्या बायकोचे बोलणे जास्त लागले. ती इतक्या जवळ राहणारी, पण वर्षभरात त्या घरात तिचे पाऊल पडले नव्हते. घर उदास वाटायचे म्हणून ती जायची नाही. “मी अधूनमधून यायला हवे होते,” असे ती म्हणते, पण तोवर वेळ गेलेली असते.

आपल्याकडेही मळ्यात राहणारी घरे आहेत. विहीर आटली, बैल आजारी पडला, तर चार माणसे धावतात. एखादी सून वर्षभर बाजाराला दिसली नाही, हसणारी बाई मुकी झाली, तर मात्र “त्यांच्या घरचा प्रश्न” म्हणून आपण वाट बदलतो. मंडळी, निकाल न्यायालय देईल. आपण निदान विरजण मागायच्या निमित्ताने तरी त्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यावे.