जर्मनीला जायचंय? एजंटच्या आधी भाषेचा वर्ग शोधा

बाभुळगाव : ‘जर्मनीत नोकरी, लाखांत पगार’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला की कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात पहिला प्रश्न येतो, पैसे किती लागतील? खरे तर आधी विचारायला हवे, जर्मन कुठे शिकायची? कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

चर्चा कशामुळे?
फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवण्याचे ठरले. मोफत जर्मन वर्गांची योजनाही आखली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले.

पण दोन राज्यांमधला करार म्हणजे तुमचे नियुक्तीपत्र नव्हे. नोकरीचा व्हिसा मिळतो तो तिथल्या कंपनीने किंवा रुग्णालयाने तुमच्याशी केलेल्या लेखी करारावर.

कोणाला काय लागते?
• इंजिनिअर : ‘ब्लू कार्ड’साठी मान्य पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी हवी. २०२५ मध्ये ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो, तर मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांसाठी ४३,७५९.८० युरो होती. ती दरवर्षी बदलते. पदवी चालेल का, हे ‘अनाबिन’ या जर्मन संकेतस्थळावर मोफत पाहता येते.
• परिचारिका : तिथल्या राज्याची व्यवसाय-मान्यता आणि साधारणपणे ‘बी-२’ पातळीची जर्मन.
• नोकरी शोधायला जाणारे : जून २०२४ पासून ‘संधी कार्ड’ आहे. त्यासाठी स्वतःच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो होती. युरो १०० रुपये धरला तर वर्षाचे १३ लाखांच्या वर.

इंग्रजीवर भागते का?
ब्लू कार्डसाठी कायद्याने जर्मनची अट नाही. आयटीत इंग्रजीवर सुरुवात होऊही शकते. पण ब्लू कार्डधारकाला ‘बी-१’ जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, फक्त ‘ए-१’ येत असेल तर २७ महिने लागतात. शिवाय घरभाड्याचा करार आणि सरकारी कार्यालयाचे पत्र जर्मनमध्येच येते.

शून्यापासून ‘बी-१’पर्यंत ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याला १२ तासिका धरल्या, तर सात महिने ते एक वर्ष. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे. बाभुळगावच्या मुलाला मात्र शिकण्यासाठी खोली करून राहावे लागते, किंवा मोबाइलच्या नेटवर्कवर भरवसा ठेवावा लागतो.

एजंटला किती द्यायचे?
नोंदणीकृत भरती एजंटला कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते. परवाना खरा आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. रोख मागणारा, पावती न देणारा आणि ‘भाषा तिथे गेल्यावर शिकाल’ म्हणणारा असेल तर तिथूनच परत फिरा. करार हातात येऊन व्हिसा लागेपर्यंत असलेली नोकरी सोडू नका, शेत गहाण टाकू नका.

आमचे मत
तरुणांना सावध राहा म्हणणे सोपे आहे, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. योजना सरकारने जाहीर केली, तर हिशेबही सरकारनेच द्यावा. जिल्ह्यातून किती जणांनी नाव नोंदवले, किती जण कोणत्या पातळीची परीक्षा पास झाले, किती जणांना करार मिळाला आणि प्रत्यक्ष किती गेले, हे चार आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळचा एक जर्मन वर्ग सुरू व्हावा. माहिती मिळत नाही, तिथेच एजंटचे फावते. आणि परत न येणाऱ्या पैशाचे व्याज मात्र बापाला पुढची कितीतरी वर्षे कापूस विकून फेडावे लागते.