लुटुपुटूचा शेअर बाजार आणि आमची मुले

खोटे दहा लाख रुपये, खऱ्या कंपन्यांचे भाव आणि महिनाभराची मुदत. मुंबई-पुण्याच्या वाणिज्य आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत 'मॉक स्टॉक' या नावाने रुळलेल्या खेळाचा सांगाडा साधारण एवढाच. विद्यार्थ्याने संगणकावर शेअर घ्यायचे, विकायचे. मुदत संपली की ज्याच्या खात्यात आकडा मोठा तो पहिला. त्याला बक्षीस, प्रमाणपत्र आणि टाळ्या. हा खेळ आज ना उद्या औंढा नागनाथच्या महाविद्यालयीन फलकावरही लागेल. मोबाईलमध्ये तर तो केव्हाच येऊन बसला आहे. आमच्या मुलांनी त्यात उतरावे काय, या प्रश्नाला 'शेअर बाजार म्हणजे जुगार, ते आपले काम नव्हे' असे उत्तर देऊन आमच्यातील पुष्कळ जण मोकळे होतात. आम्हाला ते उत्तर मान्य नाही.

मान्य नाही, कारण ते बाबासाहेबांचे उत्तर नव्हते. बडोद्यात जागा मिळू दिली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले, आणि १९१७ च्या अखेरीस बाबासाहेब मुंबईस परतले. तेव्हा पोटासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यात एक होता शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! सल्ल्यासाठी लोक येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ला तोच, आकडे तेच, फक्त जात कळली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपयाची खरेदीशक्ती घसरते तेव्हा मजुरी करून खाणारा आधी मरतो, ही त्यांची चिंता होती. बाजाराला जात नसते, बाजार फक्त पैसा ओळखतो, असे सांगणाऱ्या आजच्या पंडितांनी १९१७-१८ च्या त्या बंद पडलेल्या कचेरीचा हिशेब आधी द्यावा.

औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका आहे. शिंप्याचा नामदेव दारात कीर्तन करतो म्हणून त्याला मागे हाकलले, तेव्हा देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे सांगतात. आख्यायिकेत देऊळ फिरते. बाबासाहेबांसाठी मुंबईचा बाजार फिरला नाही, आणि आमच्या मुलांसाठी तो आपणहून फिरेल असे आम्ही मानत नाही.

बाजारापासून लांब राहण्याची सोयही आता उरलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळाली नाही. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेला आणि त्यातला काही भाग शेअर बाजारात लागतो. कारखान्यातील कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतला काही हिस्साही ऑगस्ट २०१५ पासून तिकडे वळवला आहे. म्हणजे आमचा शिक्षक, आमचा पोलीस, आमचा कामगार बाजारात आधीच आहे, फक्त त्याला विचारलेले नाही. तेव्हा मुलांना बाजार कळलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की हा खेळ तो शिकवतो काय?

आमच्या मते शिकवत नाही. शिकवतो ते उलटे. जिथे महिन्याभरात सर्वांत मोठा आकडा करणारा जिंकतो, तिथे शहाणा विद्यार्थी काय करील? थोडे इथे, थोडे तिथे ठेवून, ताळेबंद वाचून चालणारा दहावा-विसावा येईल. पहिला येईल तो सगळे पैसे एकाच जागी लावणारा. साधा हिशेब करा. दोनशे मुले आहेत, प्रत्येकाने सगळी रक्कम एका शेअरवर लावली, आणि भाव चढेल की पडेल हे नाणेफेकीसारखे आहे. पाच फेऱ्यांनंतर पाचही वेळा जिंकलेली मुले सरासरी सहा उरतील. त्या सहांना अक्कल होती असे कोणी सांगू शकत नाही, पण व्यासपीठावर सत्कार त्यांचाच होतो आणि भाषणही तीच करतात. उरलेल्या १९४ जणांना माईक मिळत नाही. त्यात पैसा खोटा. खोटे दहा लाख बुडाले तरी त्या रात्री जेवण गोड लागते.

मग स्पर्धा संपते आणि खरा मोबाईल हातात उरतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की आधार आणि पॅन कार्डावर डिमॅट खाते घरबसल्या निघते. ज्या बँक खात्यात शिष्यवृत्ती जमा होते तेच खाते त्याला जोडले जाते. शिष्यवृत्ती उशिरा येते, आली की खोलीभाडे आणि मेसचे बिल दारात उभे असते, आणि त्याच वेळी मोबाईलवर कोणीतरी सांगत असतो की हजार-दोन हजारांत ऑप्शन घे, संध्याकाळपर्यंत दुप्पट. मुंबईच्या बड्या घरातल्या मुलाचे पन्नास हजार गेले तर बाप रागावतो. औंढ्याच्या मजुराच्या मुलाचे पाच हजार गेले तर वर्ष जाते.

ही आमची भीती नाही, सरकारी आकडे आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरचे वायदे आणि ऑप्शन यांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. तोटा सरासरी सुमारे २ लाख रुपये, आणि सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. यात तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. चारांपैकी तिघांचे जाहीर केलेले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. हा पैसा गेला कुठे? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, तेही बहुतांश संगणकीय प्रणालींच्या जोरावर. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला मेसचे पैसे घेऊन बसलेले पोरगे. नियम कडक केल्यानंतरच्या २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच होते.

सेबीने अशा स्पर्धांबद्दल सावध केले नाही असे नाही. शेअर बाजारावर बक्षिसाच्या लीग आणि स्पर्धा लावणाऱ्यांपासून दूर राहा, असा इशारा ऑगस्ट २०१६ मध्येच दिला होता. मे २०२४ मध्ये अशा खेळांना चालू भाव पुरवू नका, शिक्षणासाठी द्यायचे तर जुने भाव द्या, असे शेअर बाजारांना बजावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा इशारा. इशारे इंग्रजीत मुंबईहून निघतात. औंढ्यापर्यंत मराठीत येते ती जाहिरात.

मग काय करावे? स्पर्धा घ्यावी, पण आमच्या जिल्ह्याच्या बाजाराची घ्यावी. हिंगोलीत संत नामदेवांच्याच नावाने हळदीचे मार्केट आहे, वसमतची हळद पेठ प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचे वायदे एनसीडीईएक्सवर होतात. विद्यार्थ्याला खोटे दहा लाख देऊ नका, वीस क्विंटल हळद द्या, कागदावरची. ती काढणीला मजूर लावून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणायचा खर्च त्याच्या नावे आधी मांडा. आज विकायची की गोदामात ठेवून पावतीवर कर्ज काढायचे, हे त्याने ठरवावे. व्याज, गोदामभाडे, हमाली, तोलाई वजा होऊ द्या. शेअर खेळायचेच तर प्रत्येक सौद्यावर दलाली आणि कर कापा, आणि आकडे एका महिन्याचे नको, मागच्या पाच वर्षांचे घ्या. म्हणजे तेजीच्या महिन्यात शहाणा ठरलेला मंदीच्या वर्षात किती टिकला तेही दिसेल.

त्या हिशेबात मजुरीचा रकाना वेगळा ठेवावा. हळद ज्यांच्या हातांनी उपटली जाते आणि कढईत शिजते, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावे एक गुंठाही जमीन नाही. भाव दुप्पट झाला त्या वर्षी मजुरी किती वाढली, हे गणित आमच्या मुलीने आपल्या आईला विचारून सोडवावे. हे उत्तर व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, आणि मुंबईच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलालाही ते देता येणार नाही.

शिवाय प्रवेश फी नको, रोख बक्षीस नको आणि प्रायोजक म्हणून कोणताही दलाल किंवा ॲप नको. स्पर्धेच्या नावाखाली विद्यार्थ्यांचे मोबाईल नंबर आणि पॅन क्रमांक गोळा करणाऱ्याला महाविद्यालयाच्या फाटकातूनच परत पाठवावे. निकालाच्या फलकावर पहिल्या तिघांची नावे लागतील, त्यांच्या शेजारी किती जणांची रक्कम घटली आणि किती घटली, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लागले पाहिजे. सगळा कारभार मराठीत चालावा.

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. आमच्या विद्यार्थी संघटनांनी या मागण्यांचे निवेदन तेथील वाणिज्य अभ्यास मंडळाला द्यावे आणि त्याची एक प्रत औंढ्याच्या प्राचार्यांकडेही पोहोचवावी. परीक्षेच्या अर्जांची धावपळ सुरू होण्याआधी हे झाले तर बरे, कारण ॲपवाले सत्र संपण्याची वाट पाहत नाहीत.