घरचा संगणक आणि कर्णधाराची विद्या

मोठें तंत्र शिकावयाचें तर प्रथम मोठ्या कंपनीचीं यंत्रें भाड्यानें घ्यावयास हवींत, असा समज विद्यार्थिवर्गांत रूढ होऊं लागला आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे. आणि बेताच्या परिस्थितींतील मुलास तर तो विद्येच्या दारांतूनच परत पाठविणारा आहे.

प्रोग्राम व त्यास लागणारें सर्व साहित्य एकत्र बांधून केलेलें गाठोडें म्हणजे कंटेनर होय. ही पद्धत २०१३ सालीं निघालेल्या डॉकर या साधनामुळें सर्वत्र पसरली. गाठोडीं चार असलीं तर हातानें सांभाळतां येतात. शेंकडों झालीं कीं त्यांवर कारभारी लागतो. गूगलनें २०१४ सालीं जाहीर केलेला कुबरनेटीस हा असा कारभारी आहे. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ सुकाणूं धरणारा, म्हणजे कर्णधार. त्याच्या ताब्यांतील यंत्रसमूहास क्लस्टर म्हणतात.

असा क्लस्टर घरच्या एका संगणकावरहि उभारतां येतो. मिनिक्यूब या साधनास दोन प्रोसेसर, २ गिगाबाइट मोकळी स्मृति व २० गिगाबाइट जागा पुरते. काइंड हें दुसरें साधन तर प्रत्येक यंत्राच्या जागीं एकेक कंटेनरच उभा करितें. एका प्रोग्रामच्या तीन प्रती चालू असाव्यात असें कर्णधारास सांगावें आणि मग एक प्रत मुद्दाम नष्ट करावी. थोड्याच वेळांत तिच्या जागीं नवी उभी राहते. सांगितलेली स्थिति व प्रत्यक्ष स्थिति यांचा मेळ सतत घालीत राहणें, हेंच या विद्येचें मर्म होय.

आमचा पहिला प्रयत्न फसला. आपल्याच संगणकावर बांधिलेलें गाठोडें काइंडच्या क्लस्टरला सांपडेना. दोन संध्याकाळ गेल्यावर उमगलें कीं, त्यांतील प्रत्येक यंत्र स्वतःच एक कंटेनर असल्यामुळें त्याचें कोठार वेगळें असतें. गाठोडें तेथें निराळें नेऊन ठेवावें लागतें. पुस्तकांतील आज्ञा केवळ उतरून काढल्या असत्या, तर ही गोष्ट आम्हांस कधींच कळली नसती.

कोणी म्हणेल, हा केवळ खेळ झाला. आक्षेपांत तथ्य आहे. तिन्ही यंत्रें एकाच संगणकांत असल्यामुळें वीज गेली कीं तिन्ही एकदमच बुडतात. असल्या क्लस्टरवर कोणाचा व्यवहार सोंपवूं नये. परंतु समुद्रांत उतरण्यापूर्वीं विहिरींत पोहावयास शिकणें कोणी खेळ मानीत नाहीं. येथें चूक झाली तर सर्व पुसून पुन्हां उभारतां येतें. भाड्याच्या यंत्रांवर मात्र चुकीनें चालू राहिलेल्या कामाचेंहि बिल चढत जातें, आणि त्या भीतीनें मूल प्रयोगच करीत नाहीं.

म्हणून गुरुजनांस आमची विनंती अशी कीं, ज्यांच्या घरीं संगणक नाहीं अशा मुलांकरितां शाळेच्या प्रयोगशाळेंत आठवड्यांतून एक संध्याकाळ राखून ठेवावी. पहिल्या खेपेस लागणारें साहित्य शाळेनें एकदांच उतरवून द्यावें. आणि विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, तेथें बसल्यावर क्लस्टर चालूं लागला म्हणून उठूं नका. तो एकदां मोडा, कां मोडला तें वहींत लिहा, आणि मगच घरीं जा.