शोधगंगेतली न सापडणारी ओवी

शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणलेल्या मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातला शब्द बुटीबोरीत बसून क्षणात शोधता येतो. आपल्याच विद्यापीठांतल्या अनेक मराठी प्रबंधांतला मात्र येत नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा होऊ लागल्या, इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगे’वर वाचायलाही मिळू लागल्या. पण पुष्कळसे प्रबंध नुसते स्कॅन केलेले, नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधले. पडद्यावर ‘ओवी’ दिसते. आत साठलेली असतात रोमन अक्षरे. शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?

आणि झाडीबोलीवरील प्रबंधासाठी भंडारा-गडचिरोलीच्या गावांतून केलेली ध्वनिमुद्रणे, शब्दांच्या चिठ्ठ्या? पदवी मिळाली की त्या संशोधकाच्या कपाटात. दहा वर्षांनी दुसरा कुणी त्याच गावी जाईल तेव्हा गाणारी म्हातारी असेलच असे नाही.

ग्रंथपालांना आपण वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीपुरते ओळखतो. (टक्केवारी मराठीत कितपत खरी, हा निराळाच प्रश्न.) वास्तविक विद्यापीठ ग्रंथालयाने पहिल्याच वर्षी संशोधकाला युनिकोड शिकवावे आणि प्रबंधाबरोबर मूळ सामग्रीही, सांगणाऱ्यांच्या संमतीसह, जमा करून घ्यावी. मार्गदर्शक म्हणून आपण त्याशिवाय प्रबंधावर सही करू नये.