तिसरा रूळ

कृष्णराजनगरवरून जाणारा म्हैसूर-अर्सीकेरे लोहमार्ग मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला, तेव्हा जुन्या इंजिनांची चाके त्यावर बसेनात. आपल्या कपाटात आजोबांच्या वेळचे विजेचे हॉर्नबी-डब्लो इंजिन असेल, तर त्याची अडचण निराळी आहे. रुळांतील अंतर आजही तेच, १६.५ मिलिमीटर. चाके चपखल बसतात आणि घात तेथेच होतो.

१९३८ साली निघालेल्या त्या इंजिनांना वीज मिळे मधल्या, तिसऱ्या रुळातून. बाहेरचे दोन्ही रूळ तिच्या परतीचे. आजच्या मार्गात ती एका रुळातून येते व दुसऱ्यातून परतते. जुन्या इंजिनाची धातूची चाके व आस या दोहोंना जोडून टाकतात आणि शॉर्ट सर्किट होते.

१९५९ पासून दोन रुळांची डब्लो इंजिनेही निघाली, म्हणून आधी परीक्षा करावी. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना सेल व लहान दिवा जोडलेल्या तारेची टोके टेकवावीत. दिवा लागला, तर नव्या रुळांचा मोह सोडावा. कित्येक हौशी लोक चाकेच बदलतात. आम्हांस ते रुचत नाही. संग्राहकांकडून तीन रुळांचे जुने तुकडे मिळवावेत, सुकलेले तेल पुसावे, आणि मधल्या रुळाला घासणारी इंजिनाच्या पोटाखालची पट्टी स्वच्छ करून मगच बारा व्होल्टची एकदिश वीज हळूहळू सोडावी.